भटकंती आणि भटके

फ्रान्सच्या व्हिसाच्या नियमांत ‘अजून ठरवलेलं नाही’ या उत्तराची किंमत चक्क आकड्यांत लिहिलेली आहे. हॉटेलचं बुकिंग दाखवलं, तर दिवसाला 65 युरो खर्च करायची ऐपत आहे एवढं सिद्ध करायचं. बुकिंग नसेल, तर 120 युरो. आणि तिथे राहणाऱ्या कुणी नगरपालिकेचा शिक्का मारून ‘हे माझ्याकडे उतरणार आहेत’ असं पत्र दिलं, तर साडेबत्तीस. म्हणजे रात्री कुठे झोपणार हे आधीपासून माहीत नसेल, तर रोजचे 55 युरो जास्तीचे.

मोटरहोमच्या जाहिरातीत मात्र नेमकं हेच माहीत नसणं विकायला ठेवलेलं असतं. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली पांढरी गाडी, उघडं दार, पायरीवर कॉफीचा मग. आवडेल तिथे थांबा, कंटाळा आला की निघा. आपल्याकडे ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं म्हणताना सुरात थोडी कीव असते, नाहीतर थोडी टिंगल. इथे तेच बिऱ्हाड सहा-सात मीटर लांब असतं, आत शॉवर, शेगडी आणि फ्रिज असतो, आणि ते आठवड्याच्या भाड्याने घ्यायला सीझनमध्ये महिनोन्‌महिने आधी नंबर लावावा लागतो.

आम्ही तिघं मित्र येत्या मे महिन्यात अशी एक गाडी घेऊन फ्रान्सचा भूमध्य किनारा करायचं ठरवतोय. स्पेनच्या सीमेजवळच्या पेर्पिन्यांपासून सुरुवात, मग सेत, मोंपेलिए, कामार्गचा दलदलीचा प्रदेश, आर्ल, मार्सेय, आणि शेवट नीस. अठरा दिवस. तिघंही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे पैसे जमायच्या आधी शीट तयार झाली. माझ्या टीममध्ये लिऑनचा एक सहकारी आहे. तो म्हणाला, एवढं कशाला ठरवता, गाडी घ्या आणि निघा. त्याच्या दृष्टीने तो बरोबरच बोलतोय. त्याच्या पासपोर्टवर तसं निघता येतं. आम्हाला कोणत्या तारखेला कुठे मुक्काम आणि तिथला पत्ता काय, हे कागदावर दाखवायचं आहे, आणि मोटरहोमला पत्ता नसतो. त्यामुळे शीटमध्ये कॅम्पसाइटची बुकिंगं आली, आणि ‘आवडेल तिथे’ हा पर्याय पहिल्याच आठवड्यात गळला.

प्लॅनिंगने प्रवासातली मजा जाते का, हा प्रश्न मला फारसा पडत नाही. पुष्कळ जणांची मजा प्लॅनिंगमध्येच असते. ही शीट भरताना दुसराच एक प्रश्न मध्ये येऊन बसला. गाडीत झोपून, आज इथे उद्या तिथे असं राहायचा हक्क नेमका कुणाला असतो? एकच गोष्ट एकाने केली तर सुट्टी आणि दुसऱ्याने केली तर गुन्हा, असं का होतं?

खुर्ची बाहेर काढली की

फ्रान्समध्ये मोटरहोम रस्त्याकडेला उभी करून आत झोपलात, तर कायद्याच्या भाषेत ते पार्किंग. खुर्च्या बाहेर मांडल्या, बाजूचं कापडी छत उघडलं, की ते कॅम्पिंग. पार्किंगला सहसा परवानगी असते. कॅम्पिंगला समुद्रकिनाऱ्यावर आणि संरक्षित जागांवर मनाई आहे. शिवाय प्रत्येक गावाच्या महापौराला स्थानिक आदेश काढता येतो, त्यामुळे पुष्कळ किनारी गावांत मोटरहोमला रात्रीची बंदी असते. ती बंदी सांगायला दर ठिकाणी पोलीस लागत नाही. बीचच्या पार्किंगच्या तोंडाशी साधारण दोन मीटर उंचीवर एक आडवी लोखंडी पट्टी लावलेली असते. आपली गाडी जवळजवळ तीन मीटर उंच. विषय संपला.

या पट्टीचा राग येतो, पण गावाच्या बाजूनेही बघायला हवं. ऑगस्टमध्ये एखाद्या छोट्या गावात शेकडो गाड्या येऊन उभ्या राहिल्या, तर त्यांचं सांडपाणी आणि संडासाची टाकी कुठेतरी रिकामी होणारच. त्यासाठी अनेक गावांनी वेगळ्या जागा केल्या आहेत. तिथे थोडे पैसे भरून पिण्याचं पाणी भरता येतं, घाण पाणी ओतता येतं आणि रात्रभर निवांत झोपता येतं. मार्सेयजवळच्या कालांक राष्ट्रीय उद्यानात सुजितों नावाची एक खाडी आहे. 2022 च्या उन्हाळ्यापासून तिथे आधी नाव नोंदवूनच जाता येतं, आणि सुरुवातीला ती मर्यादा दिवसाला 400 माणसांची ठेवली गेली. पायांखाली माती निसटत होती, झाडांची मुळं उघडी पडत होती. अशा ठिकाणी ‘आवडेल तेव्हा येईन’ म्हणणं म्हणजे आपली मजा दुसऱ्याच्या जमिनीच्या हिशोबात टाकणं.

हा किनारा असा सर्वांसाठी असणं हीही एक ठरवून केलेली गोष्ट आहे. 1936 मध्ये फ्रेंच कामगारांना कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, तेव्हा कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढे 1963 मध्ये सरकारने लांगदोकच्या डासांनी भरलेल्या किनाऱ्यावर अख्खी सुट्टीची शहरं उभारायचं काम हाती घेतलं. स्पेनकडे जाणारे पर्यटक इथेच थांबावेत हा त्यामागचा एक हेतू होता. ला ग्रांद-मोतच्या पिरॅमिडसारख्या इमारती त्याच योजनेतल्या. म्हणजे आमच्यासारख्यांनी इथे यावं, राहावं, हे सरकारने आणि गावांनी मिळून आधीच ठरवलेलं आहे. आमची वाट बघितली जाते. आता त्याच किनाऱ्यावर, तशाच चाकांच्या घरातून येणाऱ्या दुसऱ्या लोकांकडे बघू.

ज्या शब्दाला एकवचन नाही

मुक्कामाच्या जागा दाखवणारं एक ॲप आम्ही वापरतो. लोक तिथे जागांना तारे देतात, अभिप्राय लिहितात. पेर्पिन्यांच्या बाहेरच्या एका मोफत जागेबद्दल बरेच चांगले अभिप्राय होते, आणि मध्येच काही वेगळे होते. ‘जिप्सींचे कारवान आलेत, आम्ही लगेच निघालो.’ ‘त्यांच्यामुळे जागा सुरक्षित वाटली नाही.’ मी ते सगळे उघडून वाचले. चोरी झाली, भांडण झालं, कुणी त्रास दिला, असं एकातही लिहिलेलं नव्हतं. ते आले, एवढीच तक्रार होती. आणि तक्रार करणारा स्वतः त्याच मैदानात, तशाच गाडीत, तसाच एका रात्रीपुरता आला होता.

मित्र म्हणाला, “काढून टाकू या ही जागा, उगाच रिस्क कशाला?” शीटमध्ये ओळ काढणं म्हणजे एक क्लिक. पण ती क्लिक कशाच्या आधारावर करायची, यावर आमची तासभर जुंपली.

फ्रेंच प्रशासनात या लोकांसाठी ‘जां द्यू व्हॉयाज’ असा शब्द आहे, म्हणजे प्रवासातले लोक. तो फक्त अनेकवचनी वापरला जातो, एका माणसाला उद्देशून म्हणायची त्यात सोयच नाही. त्यात मानूश, जितां, रोमा, येनिश असे वेगवेगळे समाज येतात. बहुतेक जण पिढ्यान्‌पिढ्या फ्रान्सचे नागरिक आहेत. तरीही 1912 च्या कायद्याने यांच्यातल्या भटक्या कुटुंबांना एक ओळखपुस्तिका सक्तीची केली. तिच्यात फोटो, बोटांचे ठसे आणि अंगाची मापं असत, आणि प्रत्येक गावात पोचताना व निघताना शिक्का मारून घ्यावा लागे. 1969 मध्ये तो कायदा जाऊन दुसरा आला, पण फिरण्याची पुस्तिका राहिली. ठरावीक उत्पन्न नसलेल्यांना ती दर तीन महिन्यांनी पोलिसांना दाखवावी लागायची, आणि मतदार यादीत नाव येण्यासाठी एकाच गावाशी तीन वर्षं जोडलेलं असावं लागायचं. या दोन अटी फ्रान्सच्या घटनापरिषदेने 2012 मध्ये रद्द केल्या. उरलेल्या पुस्तिका जायला 2017 साल उजाडलं.

मधल्या काळात काय झालं, ते आमच्या रूटवरच आहे. एप्रिल 1940 मध्ये एका हुकमाने भटक्यांच्या फिरण्यावर बंदी आली आणि पुढे त्यांना छावण्यांत डांबलं गेलं. पेर्पिन्यांजवळच्या रिव्हझाल्तच्या छावणीत स्पॅनिश निर्वासित आणि ज्यूंसोबत हीसुद्धा कुटुंबं होती. तिथे 2015 मध्ये मोठं स्मारक झालं. 1942 मध्ये यांतल्या बऱ्याच जणांना आर्लच्या हद्दीतल्या सालिएला नेलं. ही छावणी खास भटक्यांसाठी बांधलेली होती, आणि बाहेरून सुंदर दिसावी म्हणून कामार्गच्या गवताने शाकारलेल्या पारंपरिक झोपड्यांच्या धर्तीवर. सुमारे सातशे माणसं तिथून गेली. युद्धानंतर ‘द वेजेस ऑफ फिअर’ या 1953 च्या गाजलेल्या फ्रेंच चित्रपटाच्या सेटसाठी ती जागा वापरली गेली, आणि मग छावणीचं नावनिशाण उरलं नाही. तिथलं स्मारक 2006 मधलं आहे. फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी या कैदेची जबाबदारी जाहीरपणे मान्य केली, ती 2016 मध्ये.

तो इतिहास झाला. आजचं काय? 2000 सालच्या कायद्याप्रमाणे पाच हजारांहून जास्त वस्तीच्या गावांवर या लोकांसाठी तळाची सोय करायची जबाबदारी आहे. तळ केला की महापौर बाकी ठिकाणी त्यांना मनाई करू शकतो. कागदावर हे आमच्या मोटरहोमच्या जागेसारखंच आहे. फरक नकाशावर दिसतो. आमच्या जागा समुद्राजवळ, बाजारपेठेच्या अंतरावर. त्यांच्या जागा कुठे आहेत, याची देशभरातली यादी विल्यम आकेर या त्याच समाजातल्या कायदेतज्ज्ञाने करून 2021 मध्ये पुस्तकरूपाने छापली. बहुसंख्य तळ वस्तीपासून तुटलेले, आणि बरेचसे महामार्ग, रूळ, कचरा प्रक्रिया केंद्र किंवा कारखान्यांच्या शेजारी. 26 सप्टेंबर 2019 ला रुआं शहरातला लुब्रिझोलचा रसायनांचा कारखाना पेटला, तेव्हा असाच एक तळ तिथून काहीशे मीटरवर होता. तिथल्या कुटुंबांना हलवलं गेलं नाही.

नेमलेल्या जागेबाहेर थांबलो, तर मला साधा पार्किंगचा दंड बसेल. ते लोक परवानगीशिवाय जमिनीवर गटाने राहायला थांबले, तर 2018 पासून त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि 7,500 युरोपर्यंत दंड. आणि वर आणखी एक विचित्र गोष्ट. ज्यात ते बारा महिने राहतात, त्या कारवानला फ्रेंच कायदा ‘निवास’ मानत नाही, त्यामुळे घरासाठीचं सरकारी अनुदान त्यांना मिळत नाही. आमच्या भाड्याच्या गाडीच्या तर नावातच ‘होम’ आहे.

एनटीमधला एन

इथवर वाचून कुणाला वाटेल, की हा युरोपचा दुटप्पीपणा, त्यांचं त्यांनी बघावं. मलाही तसं म्हणून पुढे जायला आवडलं असतं. पण या दुटप्पीपणासाठी मराठीत आयते दोन शब्द तयार आहेत.

‘भटकंती’ म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? सह्याद्री, किल्ले, पाठीवर सॅक, पावसातला चहा. ट्रेकिंगच्या कितीतरी ग्रुपच्या नावात हा शब्द आहे. आता त्याच धातूतून आलेला ‘भटके’ हा शब्द उच्चारा. लगेच सूर बदलतो. पुढे कुत्री येतात, नाहीतर जमाती येतात. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाच्या याद्यांमध्ये एनटी-वन, एनटी-टू, एनटी-थ्री ही अक्षरं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यातला एन म्हणजे नोमॅडिक, भटक्या. चार वर्षांनी नोकरीला लागलो, आणि तोच शब्द ‘डिजिटल नोमॅड’ म्हणून परत भेटला. आता तो लोक हौसेने स्वतःच्या प्रोफाइलवर लावतात. पोर्तुगाल आणि स्पेनने त्यांच्यासाठी खास व्हिसा काढले आहेत. कॉलेजमध्ये जो एन कुजबुजत सांगितला जायचा, तो लॅपटॉप घेऊन निघाला की मिरवायचा झाला.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या सुधारणेने तो देशभर पसरायची वाट मोकळी केली. फ्रान्सच्या पुस्तिकेच्या फक्त एक वर्ष आधी. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून हजेरी, परवाना, बोटांचे ठसे. सोलापूरची ‘सेटलमेंट’ तिच्या तारेच्या कुंपणासह अजून लोकांच्या बोलण्यात आहे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, म्हणून त्या जमाती ‘विमुक्त’. शिक्का कागदावरून गेला. नजरेतून तो किती गेला, हे बघायचं असेल तर कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरे.

आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गेल्या वर्षी घिसाड्यांची चार पालं पडली. भाता लावून रस्त्याकडेला विळे, खुरपी, कोयते बनवणारी माणसं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला आणि ‘यांना हलवायला कुणाला फोन करायचा?’ हा प्रश्न. मी विचारलं, त्यांनी काय केलंय? उत्तर आलं, “अजून काही नाही, पण सावध असलेलं बरं.” पेर्पिन्यांच्या त्या अभिप्रायांचं हे शुद्ध मराठी भाषांतर आहे. आठवड्याभरात पालं उठली. कुठे गेली, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. सावधगिरी हा गुन्हा नाही. दक्षिण फ्रान्समध्ये महामार्गावरच्या थांब्यांवर मोटरहोम फोडून चोऱ्या होतात, म्हणून रात्री तिथे थांबायचं नाही असं आम्ही ठरवलंय. मग पेर्पिन्यांची जागा काढणं आणि महामार्गाचा थांबा काढणं यात फरक काय? मला असा दिसतो: महामार्गाच्या बाबतीत आम्ही तिथे काय घडतं ते बघून ठरवलं. पेर्पिन्यांच्या बाबतीत तिथे कोण असतं ते बघून ठरवणार होतो. पहिलं निरीक्षण उद्या बदललं, तर आमचा निर्णय बदलेल. दुसऱ्यात बदलण्यासारखं काहीच नाही, कारण त्यात घटनाच नाही.

परत जाणार असाल तर या

भीती नेमकी कसली असते? पर्यटकाच्या गाडीची का वाटत नाही आणि त्यांच्या गाडीची का वाटते? घाण दोघंही करू शकतात, आणि दोघांपैकी बहुतेक जण करत नाहीत. पैसे हे एक कारण आहेच. पण मला वाटतं त्याच्याखाली आणखी एक कारण आहे.

इमॅन्युएल कांट हा तत्त्वज्ञ कोनिग्सबर्ग आणि त्याच्या आसपासचा मुलूख सोडून जवळजवळ कुठे गेलाच नाही, पण पाहुण्यांच्या हक्काबद्दल त्याने फार पुढचं लिहिलं. शाश्वत शांततेवरच्या 1795 च्या निबंधात तो म्हणतो, की पृथ्वी गोल आहे, माणसं तिच्यावर अनंत पांगू शकत नाहीत, शेवटी त्यांना एकमेकांना सहन करावंच लागणार. म्हणून परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे. पण हा हक्क भेट देण्याचा, राहण्याचा नाही. त्याच्या जिवावर बेतणार नसेल, तर त्याला परतही पाठवता येतं.

‘परत’ या शब्दात सगळं आलं. कांटच्या हिशोबात पाहुण्याला कुठेतरी घर आहे. व्हिसाचा सगळा कारभार त्याच समजुतीवर चालतो. परतीचं तिकीट, नोकरीचं पत्र, रजेचा अर्ज, बँकेचे कागद, हे सगळं एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी, की हा जाणार आहे. आपल्याकडे ‘अतिथी’ची जुनी व्युत्पत्ती सांगतात, की ज्याला तिथी नाही तो अतिथी. आजचा नियम आधी तिथी मागतो, जाण्याची सुद्धा. मी नीसहून विमानात बसणार हे नक्की आहे, म्हणून मला सेतच्या समुद्राकाठी झोपता येतं. ज्याचं घर त्याच्याबरोबरच आलं आहे, त्याला परत कुठे पाठवणार? तो भेटीलाही आलेला नाही आणि कायमचा राहायलाही आलेला नाही. कांटच्या दोन्ही खणांत तो बसत नाही, म्हणून तो डोळ्यांत खुपतो.

मार्सेयच्या बंदरावर मराठी माणसाला हा मुद्दा वेगळा समजवावा लागणार नाही. 8 जुलै 1910 ला सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारून फ्रेंच किनारा गाठला, आणि काही मिनिटांत फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. किनाऱ्याला पाय लागला म्हणजे तिथला आसरा मिळाला का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल लागला. अशा रीतीने सोपवण्यात अनियमितता झाली हे मान्य, पण इंग्लंडवर कैदी परत करण्याचं बंधन नाही. शाळेत आपण उडी शिकतो. लवादाने काय ठरवलं, ते त्या उडीइतकंच महत्त्वाचं आहे. किनाऱ्यावर पोचणं आणि किनाऱ्यावर राहू दिलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नेहमी दुसऱ्या कुणाच्या हातात असते.

नीसमध्येही दोन प्रकारचे पाहुणे होते. समुद्राकाठचा तिथला प्रसिद्ध रस्ता, प्रोमनाद देझांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फेरफटका. 1820 च्या दशकात हिवाळा घालवायला आलेल्या श्रीमंत इंग्रजांनी त्यासाठी पैसे जमवले. कडक थंडीने हवालदिल होऊन गावात आलेल्या भिकाऱ्यांना काम मिळावं म्हणून ती वाट बांधून घेतली गेली. दोघंही बाहेरून आलेले. एकाने वाट बांधली आणि दुसऱ्याच्या नावाने ती ओळखली जाते.

मग काय करायचं?

हे सगळं कळल्यावर ट्रिप रद्द करावी, असं मला वाटत नाही. मी न गेल्याने कुणाचा तळ कारखान्यापासून लांब जाणार नाही. अपराधीपणाचं ओझं घेऊन समुद्र बघण्यातही अर्थ नाही, तोही एक प्रकारे स्वतःभोवतीच फिरणं झालं. पण जी मोकळीक सगळ्यांना नाही ती आपण घेतोय, हे माहीत असेल तर त्यातून काही देणं लागतं. ते देणं छोटं आणि रोजचं आहे.

पहिलं, आपल्यामुळे नियम आणखी आवळले जाऊ नयेत. टाकी नेमलेल्या जागीच रिकामी करायची, बंदी आहे तिथे ‘एका रात्रीने काय होतं’ म्हणायचं नाही. कुणा बेफिकीर पर्यटकामुळे लागलेली लोखंडी पट्टी सगळ्यांनाच अडवते, पण तिच्यापुढे पर्यटकाला दुसरी जागा मिळते, इतरांना मिळेलच असं नाही. दुसरं, माणसांना तारे द्यायचे नाहीत. अभिप्राय लिहायचा तर पाण्याच्या नळाबद्दल लिहावा, शेजारच्या गाडीत कोण होतं याबद्दल नाही. तिसरं, ही समज फ्रान्समध्ये ठेवून यायची नाही. माझ्या मोटरहोमवर कुणी हरकत घेतली तर मी जो युक्तिवाद करेन, तोच मला घराच्या मागच्या पालांसाठी करता आला पाहिजे. नसेल करता येत, तर तो युक्तिवाद नव्हता, फक्त सोय होती.

पाहुणचाराच्या चांगल्या रीतीही याच किनाऱ्यावर आहेत. ‘फ्रान्स पॅसिऑं’ नावाच्या योजनेत शेतकरी आणि द्राक्षबागायतदार मोटरहोमवाल्यांना एका रात्रीसाठी फुकट जागा देतात. अट एवढीच, की आल्यावर भेटून नमस्कार-चमत्कार करायचा, आणि निघताना जागा होती तशी ठेवायची. विकत काही घ्यावं असं बंधन नाही, पण बहुतेक जण बाटलीभर वाइन घेतातच. हे वाचताना मला आपल्याकडची शेतात मेंढरं बसवायची पद्धत आठवली. धनगर वाडा घेऊन येतो, शेतकरी आपण होऊन त्याला रानात बोलावतो, मेंढरं रात्री बसतात, जमिनीला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. दोघांनाही माहीत असतं, की हा उद्या-परवा जाणार आणि पुढच्या वर्षी परत येणार. भटक्या माणसाचं येणं इथे संकट मानलं जात नाही, त्याची वाट बघितली जाते. म्हणजे ही गोष्ट माणसांना जमत नाही असं नाही. ती आपल्या हाताशीच आहे.

आमच्या रूटवर एक गाव असं आहे, जिथे वर्षातून काही दिवस हे चित्र उलटं होतं. कामार्गच्या टोकाला, समुद्राला लागून, सेंत-मारी-द-ला-मेर. 24 मेला युरोपभरातली जिप्सी कुटुंबं कारवान घेऊन तिथे जत्रेला येतात आणि चर्चच्या तळघरातली काळ्या साराची मूर्ती मिरवत समुद्रात नेतात. 1935 पासून ही मिरवणूक निघते. साराला ते ‘सारा-ला-काली’ म्हणतात, आणि रोमानी भाषेत ‘काली’ म्हणजे काळीच. त्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’, घराला ‘खेर’ म्हणतात. हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून निघालेली भाषा ती. फ्रान्समधले सगळेच भटके ती बोलतात असं नाही, आणि हे नातं आहे म्हणून त्यांचा हक्क मानावा असंही नाही. हक्क मानायला नातं लागू नये. पण अंगाची मापं घेऊन ज्यांच्या पुस्तिकेवर गावोगावी शिक्के मारले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा घरासाठीचा शब्द आपल्या घरासारखाच ऐकू येतो, हे कळल्यावर मी जरा वेळ शीट बंद करून ठेवली.

शीटमध्ये आता एक नवा रकाना आहे: ‘परवानगी कुणाची?’ प्रत्येक रात्रीपुढे ते भरायचं. सेतला नगरपालिकेची. मोंपेलिएच्या बाहेर कॅम्पसाइटची, कारण शहरात ही गाडी न्यायची नाही, ट्राम घ्यायची. कामार्गच्या आधी एका द्राक्षबागायतदाराची, त्याला अजून विचारायचं आहे. पेर्पिन्यांची ती जागा आम्ही ठेवली. दोन विरुद्ध एक मताने, आणि हरलेल्या मित्राची अट अशी, की रात्री पोचलो तर आधी शेजारच्या गाडीवाल्यांना जाऊन भेटायचं, मग झोपायचं. ते शेजारी कोण असतील ते त्याने विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

23 ते 25 मे या रात्री सेंत-मारीत लिहिल्या आहेत. जत्रेचे दिवस असल्याने गाव कारवानांनी भरलेलं असेल, आणि आमच्यासारख्यांना गाडी उभी करायला जागा मागत फिरावं लागेल. त्या तीन ओळींपुढचा रकाना अजून रिकामा आहे. तिथे गेल्यावर ज्यांच्या शेजारी जागा मिळेल, त्यांना विचारून तो भरायचा असं ठरलंय. व्हिसाच्या अर्जात मात्र त्या तीन रात्रींसाठी आर्लजवळच्या एका कॅम्पसाइटचा पत्ता आहे, पैसे भरून घेतलेला. तो अर्ज तपासणाऱ्याला तिथीही लागते आणि पत्ताही.